घटस्फोट, ताबा, पोटगी: शिवाजीनगरच्या कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

माझ्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस बहुतेक वेळा एक जाडजूड पिशवी घेऊन येतं. तिच्यात व्हॉट्सॲप चॅटचे प्रिंटआउट, लग्नातल्या मानपानाची यादी, नणंदेच्या टोमण्यांची तारीखवार नोंद. एकदा तर दोघांच्या कुंडल्यासुद्धा होत्या. तासभर बोलून झालं की प्रश्न येतो, "मॅडम, आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?"

मी उलट विचारते, मुलगी कोणत्या शाळेत जाते? फ्लॅटचा हप्ता कोणाच्या खात्यातून कापला जातो? दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिलात? यातल्या एकाचंही उत्तर पिशवीत नसतं.

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना दिसलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ मला इथेच सापडलं. पक्षकाराला हवा असतो 'कोण चुकलं' याचा निवाडा. न्यायालयापुढे मात्र मूल कुठे राहणार, पैसे किती आणि कोणत्या तारखेला मिळणार, घरात कोण राहणार असे रोकडे प्रश्न असतात. क्रूरता किंवा व्यभिचार सिद्ध करावा लागतो, ते आहेच. पण तो सिद्ध झाला म्हणून शाळेची फी आपोआप भरली जात नाही.

स्टॅम्प पेपरवरची फारकत

ही चूक अजून होते, आणि शिकलेल्या घरांत होते. पाचशेचा स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, की झाली सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याखालचं लग्न मोडायला न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला कायद्यात जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात खरोखर आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं, आणि ते सोपं नाही. असा कागद करून दुसरं लग्न केलेलं असेल तर ते लग्नच अडचणीत येतं. कागद झाला असेल पण दुसरं लग्न व्हायचं असेल, तर आधी परस्पर संमतीचा रीतसर अर्ज टाका. तो कागद वेगळं राहिल्याची तारीख दाखवायला फार तर उपयोगी पडेल.

वकील निवडताना

'तीस दिवसांत घटस्फोट, शंभर टक्के खात्री' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारीही ठरवता येत नाही. फी टप्प्यांनी ठरवा, पावती घ्या आणि आपल्या केसचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर तो सोळा अक्षरी नंबर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते स्वतःला दिसतं. वकिलाला फोन करून "काय झालं हो?" विचारायची गरज निम्मी कमी होते. (आमचीही सुटका होते.)

वकील बदलायचा आहे, पण जुने वकील 'आधी बाकी द्या, मग फाइल' म्हणतात? फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. लेखी मागा.

पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज सोडा.

समन्स घेतलंच नाही की केस होत नाही

होते. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं तर ते मिळालं असंच धरलं जाऊ शकतं. मग केस एकतर्फी चालते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, न्यायालय फार तर नव्वदपर्यंत मुदत देतं, त्यापुढे मिनतवाऱ्या. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जालाही तीस दिवसच आहेत. समन्स मिळालंच नव्हतं असं दाखवता आलं तर हे दिवस कळल्याच्या तारखेपासून मोजतात. 'दिवाळीनंतर बघू' म्हणण्याची ही जागा नाही.

आणखी एक. कौटुंबिक न्यायालयात वकील देणं हा हक्क नाही, त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. ती बहुधा मिळते, पण बोलणं पक्षकाराशी होतं. 'वकील आहेत ना, मी कशाला येऊ?' हे दिवाणी दाव्यात खपेल, इथे नाही. समुपदेशकांकडे बसवलं तर तिथेही जा. तिथे झालेलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरलं जात नाही. तरीही लोक तिथे उलटतपासणीला बसल्यासारखे ताठ बसतात आणि जे दहा मिनिटांत सुटलं असतं ते दहा तारखांवर नेतात.

'म्युच्युअल आहे, त्यात काय बघायचं?'

बघायचं सगळं इथेच असतं. भांडून घेतलेल्या निकालात न्यायाधीश विचार करून अटी लिहितात. संमतीच्या अटी तुम्ही स्वतः लिहिता, आणि बहुधा 'एकदाचं सुटू दे' या घाईत.

आधी मुदतींचं बघू. परस्पर संमतीच्या अर्जासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे दोन पत्ते हवेत असं नाही. हप्ता परवडत नाही म्हणून एकाच टू बीएचकेत दोन खोल्यांत राहणारी जोडपी मी पाहिली आहेत. पती-पत्नी म्हणून राहत नाही हे महत्त्वाचं. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या तारखेपर्यंत सहा महिने थांबायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या अमरदीप सिंग खटल्यातल्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, पण वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं मिटलेलं हवं. 'सहा महिने हल्ली लागतच नाहीत' हे कट्ट्यावरचं ज्ञान झालं.

या सहा महिन्यांत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून पहिल्याच तारखेला सगळी रक्कम देऊन टाकणं जितकं चुकीचं, तितकंच सगळं दुसऱ्या तारखेवर ढकलणं. टप्पे ठरवा. शेवटचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या वेळी न्यायालयासमोर द्या. दागिने दिले-घेतले तर वजनासकट यादी करून पुरशीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल करा. 'स्त्रीधन मिळाले' या दोन शब्दांवर पुढे दोन वर्षं वाद चाललेला मला माहीत आहे.

घराचं कलम लोकांना सगळ्यात साधं वाटतं आणि तिथेच पाय घसरतो. वाकडचं एक जोडपं, दोघंही आयटीतलं. अटींमध्ये एक ओळ: 'फ्लॅट पतीकडे राहील व कर्ज पती फेडेल.' दोघं खूश. दीड वर्षाने तिने स्वतःसाठी घर बघितलं, तर बँक म्हणाली, तुमच्या नावावर आधीच एक गृहकर्ज आहे. त्याचे तीन हप्ते चुकले होते, तिचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, कोसळला होता. तुमच्या आपसातल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच. अटींमध्ये मुदत घाला. अमुक तारखेपर्यंत पतीने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं, बँकेचं पत्र आणायचं, त्यानंतर पत्नीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. आणि नाही केलं तर काय, तेही लिहा. चूक होऊन गेली असेल तर दरखास्त दाखल करून अट अंमलात आणायला सांगता येतं, पण ओळ जितकी मोघम तितकी दरखास्त लंगडी.

आईने 'मुलासाठी कधीही काही मागणार नाही' असं लिहून दिलेलं असतं, तेही सांगते. आईला स्वतःची पोटगी सोडता येते. मुलाचा हक्क तिचा नाही, त्यामुळे तो तिला सोडताही येत नाही.

मूल

दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा इथे एकेक कायदा घेऊन येतात. 'पाच वर्षांखालचं मूल आईकडेच.' कायद्यात 'सर्वसाधारणपणे' असा शब्द आहे, आणि सगळ्याच्या वर मुलाचं हित आहे. 'आमचा मुलगा जास्त कमावतो, नातू आम्हालाच.' पगारावर ताबा ठरत नाही, कमी कमावणाऱ्या आईसाठी पोटगी आहेच. रोज डबा कोण करतं, पालकसभेला कोण जातं, ताप आल्यावर रात्री कोण जागतं, हे विचारलं जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुलाला गुपचूप उचलून नेणं. शुक्रवारी शाळेतून घेतलं आणि थेट नागपूरला माहेरी, किंवा उलट, बापाने सातारला. सुरक्षिततेचं कारण असेल तर निघा, पण त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि मूल कुठे आहे ते लेखी कळवा. पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात चालतो. जागा बदलून घेतलेला फायदा बहुधा टिकत नाही, उलट तुमच्याबद्दलचं मत बिघडतं.

दुसरी चूक पढवण्याची. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये स्वतः बोलतात. एका सात वर्षांच्या मुलाने आत जाऊन सांगितलं, "बाबांनी आमचा मानसिक छळ केला." "मानसिक म्हणजे काय रे?" विचारल्यावर तो दाराकडे बघायला लागला. दाराबाहेर आजी होत्या.

पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद, आणि भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद. हे दोन्हीकडून चालतं आणि दोन्ही चूक. पोटगी आणि भेट या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज आहे. भेट नाकारली तर शाळेच्या गेटवर तमाशा करू नका. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा, थांबा, मेसेज करा, आणि अशा दोन-तीन वेळा नोंदल्या की अर्ज करा.

भेटीचं वेळापत्रक लिहिताना कंटाळा करू नका. 'दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी' ही ओळ दर वर्षी भांडण घेऊन येते, कारण लक्ष्मीपूजन कोणत्या निम्म्यात? एक वर्ष आड लिहा. गणपतीला मूल गावी जाणार का, किती दिवस? शनिवारी क्लास असेल तर भेट रविवारी का? ने-आण कोण करणार, सोसायटीच्या गेटवर की घरात? पासपोर्ट कोणाकडे? हे सगळं लिहिलेलं जोडपं नंतर माझ्याकडे क्वचितच परत येतं. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, की तो बदलून मागता येतो.

पोटगी आणि खोटं

नोटीस येताच नोकरीचा राजीनामा देणारे नवरे आणि लिंक्डइनवर मॅनेजर असूनही 'गृहिणी' लिहिणाऱ्या बायका, दोघांनाही एकच सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोघांना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. बँकेचे उतारे, आयकर विवरण, हप्ते, सगळं त्यात येतं. एक खोटी ओळ सापडली की उरलेल्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लांबवण्यात नुकसान तुमचंच.

फौजदारी प्रक्रियेखालच्या पोटगीचं कलम आता बदललं आहे. जुनं कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. थकबाकी साचू देऊ नका. या कलमाखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. 'पाच वर्षांची एकदम मागू' म्हणणाऱ्या बाईंना चार वर्षांवर या वाटेने पाणी सोडावं लागलं.

पोलीस तक्रार आणि रेकॉर्डिंग

मारहाण होत असेल तर थांबू नका. ११२, महिलांसाठी १८१, पोलिसांचा भरोसा सेल, संरक्षण अधिकारी, जे जवळ असेल ते. पण फक्त दबावासाठी छळाचा गुन्हा दाखल करून 'मिटलं की मागे घेऊ' असं कोणी सुचवत असेल तर ऐकू नका. तो गुन्हा आपसात मिटवून मागे घेता येत नाही. दोघं राजी असले तरी रद्द करायला मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागतं.

चॅट आणि रेकॉर्डिंगचे स्क्रीनशॉट काढून जुना फोन विकू नका. मूळ फोन जपा, अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. पती-पत्नीचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुराव्यात घेता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. याचा अर्थ घरभर माइक लावा असा नाही. तीस तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला कोणालाही वेळ नसतो, मलाही नाही.

हुकूमनामा हातात आल्यावर

निकाल लागला त्या दिवशी लोक पेढे किंवा अश्रू घेऊन बाहेर पडतात आणि नक्कल घ्यायला विसरतात. दोन-तीन प्रमाणित प्रती त्याच आठवड्यात मागवा. भांडून घेतलेल्या घटस्फोटात अपिलाची मुदत संपेपर्यंत लग्नाची तारीख काढू नका. शाळेला ताब्याच्या आदेशाची प्रत द्या. पीएफ, विमा, डिमॅट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळीकडचा नॉमिनी स्वतः जाऊन बदला. तो आपोआप बदलत नाही. माझ्या एका पक्षकाराच्या विमा पॉलिसीवर निकालानंतर चार वर्षं पहिल्या बायकोचंच नाव होतं, आणि ते सापडलं दुसऱ्या बायकोला.