लसूणघासाचा प्लॉट जांभळा झाला की मला घाम फुटतो

लसूणघास हे जनावरांच्या चाऱ्याचं पीक. त्याचं एक ताजं फूल चिमटीत धरा आणि गवताची बारीक काडी त्याच्या खालच्या, नावेसारख्या पाकळीत अलगद दाबा. फट्कन आतला दांडा वर उसळतो आणि मागच्या मोठ्या पाकळीवर जाऊन आपटतो. काडीवर पिवळे परागकण चिकटलेले दिसतात. फूल एकदा उडालं की परत बसत नाही. आणि जे उडत नाही, त्यात शेंग जवळजवळ धरतच नाही.

एमएस्सीच्या पेपरात याची आकृती काढून मी मार्क मिळवले होते, पण फूल उडवून बघितलं ते नंतर धारवाडला, प्रकल्पावर लागल्यावर. तेही कुणा प्राध्यापकानं नव्हे, प्लॉटवर खुरपायला येणाऱ्या एका काकूंनी दाखवलं. "नोड्री, हिंग" (बघा, असं) म्हणाल्या आणि ओळीनं दहा-बारा फुलं टक टक उडवून पुढं गेल्या.

आमच्या भागातली बरीच पोरं आता बीएस्सी ॲग्री करतात आणि बियाण्याच्या क्षेत्रात काय आहे म्हणून विचारतात. सोयाबीन, मका, भाजीपाला यांबद्दल सांगणारे भरपूर भेटतील. चारापिकांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी चिक्कोडी तालुक्यातला, दूधगंगेच्या काठचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, घरी तंबाखू, ऊस आणि चार म्हशी. म्हशींसाठी विहिरीजवळ तीन-चार गुंठे मेथीघास कायम असायचा. आम्ही मेथीघास म्हणायचो, कानडी शेजारी 'कुदुरे मेंथे' म्हणजे घोड्याची मेथी म्हणायचे, आणि पुस्तकात लसूणघास. लसणाचा वासही नसताना हे नाव कसं पडलं, तर 'लुसर्न' हे इंग्रजी नाव तोंडात बसेना म्हणून, असा माझा आपला अंदाज. बारावीनंतर सीमाभागातल्या पोरापुढं नेहमीचा प्रश्न असतो, कोल्हापूर की धारवाड. मी धारवाड धरलं. तिथं कृषी विद्यापीठ तर आहेच, शिवाय झाशीच्या भारतीय गवताळ कुरण व चारा संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं प्रादेशिक केंद्रही तिथंच आहे, हे मला प्रवेश घेतल्यावर कळलं.

कानडीचं आताच सांगून टाकतो. लिहितावाचता येत नसेल तर पहिल्या वर्षातच शिकून घ्या. उतारा कानडीत, पेरणीचा दाखला कानडीत, आणि शेतकरी चिडला की तोही कानडीत.

आता मूळ काम. नवा वाण आधी चाऱ्यासाठी तपासला जातो. अखिल भारतीय समन्वित चारापिके प्रकल्पातून वेगवेगळ्या राज्यांतल्या केंद्रांवर एकाच वेळी चाचण्या लागतात. पाकिटावर वाणाचं नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. शेजारी तुलनेला जुने, माहितीतले वाण लावतात: राहुरीचा आरएल-८८, आणंदचा आणंद-२ वगैरे. हिरवा चारा, सुका चारा, प्रथिनं, उंची, पान आणि काडीचं प्रमाण, सगळं कापणीगणिक. पहिली कापणी साधारण ५५-६० दिवसांनी, मग दर २५-३० दिवसांनी. हे पीक तीन-चार वर्षं उभं राहतं, त्यामुळं पहिल्या वर्षी जोरात आलेला वाण दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडं शिल्लक ठेवतो, हे बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये. मी बोललो होतो एकदा. तो वाण दुसऱ्या मेमध्ये निम्मा विरळ झाला.

वजनाची माझी एक चूक सांगतो, कारण ती प्रत्येक नवखा करतो. चाचणीत प्रत्येक वाण चार वेळा, चार वेगळ्या पट्ट्यांत असतो. आमच्याकडं दोन माणसं कापायला आणि एकच काटा. मी आपल्या सोयीनं जवळचे प्लॉट आधी, लांबचे नंतर असं घेतलं. सकाळी सातला दव होतं, अकराला ऊन. उशिरा कापलेला घास काट्यावर येईपर्यंत मान टाकायचा. आकडे काढले तेव्हा एकच वाण एका पट्ट्यात पहिला आणि दुसऱ्यात शेवटचा. सरांनी वही बघितली, फक्त वेळ विचारली आणि वही परत दिली. पट्टा सुरू केला की तो पूर्ण करूनच चहाला जायचं. एका पट्ट्यातल्या सगळ्या वाणांना सारखंच दव आणि सारखंच ऊन मिळालं पाहिजे. पट्टे पाडायचे ते त्यासाठीच. सुक्या चाऱ्यासाठी प्रत्येक प्लॉटमधला अर्धा किलो नमुना तिथल्या तिथं पिशवीत बांधायचा. ऑफिसात नेऊन वजन केलं तर तुम्ही चारा मोजत नाही, वाटेतलं ऊन मोजता.

एवढं करून वाण चाऱ्याला चांगला ठरतो. पण बी देतो का? हा प्रश्न चाचणीच्या तक्त्यात खाली कुठंतरी असतो आणि शेतकऱ्याच्या बांधावर सगळ्यात वर. भरपूर पाला देणारे, लवकर फुटणारे काही वाण बियाण्याला अगदी कंजूष असतात. आपल्याकडं हेक्टरी दोन-अडीच क्विंटल बी मिळालं तर शेतकरी नाव काढतो. त्याहून फार कमी देणारा वाण कितीही हिरवा असो, त्याचं बियाणं करायला कोणी तयार होत नाही आणि वाण कागदावरच राहतो.

इथं ते फूल परत येतं. उडालेलं फूल काही तासांत मरगळतं. न उडालेलं मात्र आठवडाभर टवटवीत राहतं. म्हणजे जांभळ्या फुलांनी भरलेला, फोटो काढावासा वाटणारा प्लॉट हा फूल उडवणाऱ्या माशीची वाट बघत बसलेला प्लॉट असतो. चांगलं परागीकरण होत असलेला प्लॉट मळकट, उदास दिसतो. वर चार फुलं, खाली वाळलेल्या पाकळ्या आणि वेटोळ्या शेंगा. माझ्या पहिल्या बीजोत्पादन प्लॉटचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले होते. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मळणीत एकरी ३० किलो निघालं.

कारण माशा होत्या, पण चोर माशा. साधी मधमाशी एक-दोनदा त्या दांड्याचा तडाखा खाते आणि मग फुलाच्या कडेनं सोंड घालून मध पिऊन जाते, फूल न उडवता. परागासाठी येणाऱ्या माशा आणि पानं कातरणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माशा खरं काम करतात. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कडेला गोल कातरलेलं दिसलं की समजा, ती माशी जवळपास आहे. अमेरिकेत, कॅनडात या माशा बियाण्यासाठी मुद्दाम पाळतात. आपण निदान मारू तरी नयेत. फुलोऱ्यात फवारणी टाळायची, अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, आणि शेजारच्या हरभऱ्यावर कोण कधी मारतंय त्यावरही लक्ष ठेवायचं. आता मी प्लॉटवर गेलो की पाच ठिकाणी थांबतो, प्रत्येक ठिकाणी वीस घोस बघतो, किती फुलं उडालेली आणि किती तशीच, ते लिहितो.

दुसरा हिशेब वळवाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरायचं, दोन-तीन कापण्या चाऱ्याला घ्यायच्या आणि मग कापणी बंद करून बियाण्याला सोडायचं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव कधी कोसळेल नेम नाही. भिजलेल्या शेंगांतलं बी पिवळं-पोपटी राहत नाही, तपकिरी पडतं, उगवण घसरते. म्हणून जानेवारी सरेस्तोवर कोयता थांबलाच पाहिजे. शेतकरी आणखी एक कापणी मागतो, कारण फेब्रुवारीत चाऱ्याला भाव असतो. तिथं वाद होतो, दरवर्षी होतो. खानापूरकडं तर मी हा प्लॉट घेतच नाही, पाऊस जास्त आणि माती आम्लधर्मी. अथणी, रायबागकडं हवा कोरडी, फक्त चोपण, खारपड जमीन टाळायची.

आता प्रमाणीकरण. नव्या पोरांचा पहिला गोंधळ इथंच होतो: वाण अधिसूचित होणं वेगळं आणि बियाणं प्रमाणित होणं वेगळं. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या कलम ५ खाली केंद्र सरकार वाण अधिसूचित करतं, म्हणजे राजपत्रात जाहीर करतं. तसा वाण असेल तरच त्याच्या बियाण्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि ते राज्याची प्रमाणीकरण यंत्रणा देते. अधिसूचित नसलेला वाण 'सत्यप्रत' लेबलावर विकता येतो, पण ती हमी विकणाऱ्याची. वाणावरचा हक्क ही तिसरी गोष्ट. त्यासाठी २००१ चा कायदा, आणि वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता यांची चाचणी. बियाण्याच्या पायरीप्रमाणे पिशवीवरच्या टॅगचे रंग पाठ करा: पैदासकार सोनेरी पिवळा, पायाभूत पांढरा, प्रमाणित निळा, सत्यप्रत हिरवट. मुलाखतीत हमखास विचारतात.

एकसारखेपणा या शब्दावर थोडं थांबतो. गव्हाच्या प्लॉटमध्ये भेसळीचं झाड लगेच डोळ्यात भरतं. लसूणघास परपरागीत, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारा, वर गुणसूत्रांचे चार संच, त्यामुळं एकाच वाणातली दोन झाडंही तंतोतंत सारखी नसतात. कुठं फुलाची छटा गडद, कुठं फिकी, कुठं पान रुंद. वाण म्हणजे इथं एका भावकीसारखा प्रकार आहे. परका कोण आणि जरा वेगळ्या तोंडवळ्याचा चुलतभाऊ कोण, हे ओळखायला माझी दोन वर्षं गेली. त्याआधी मी बरीच घरचीच माणसं उपटून टाकली असणार.

विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या घासापासून प्लॉट किती लांब हवा ते, प्रमाणित बियाण्याला १०० मीटर, पायाभूतला ४००. कागदावर सोपं. आमच्याकडं मात्र ज्याच्या दारात म्हैस, त्याच्या विहिरीवर घास. रायबाग तालुक्यात एका आण्णांचा सव्वा एकराचा प्लॉट घेतला आणि टेप टाकली, तर ७० मीटरवर शेजाऱ्याचे दोन गुंठे. शेजारी म्हणाला, "माझ्या म्हशीनं काय खायाचं ओ, तुमचा कायदा?" शेवटी त्यानं आपला घास नांगरून टाकला आणि बदल्यात आण्णांच्या प्लॉटच्या सुरुवातीच्या कापण्या त्याच्या गोठ्यात गेल्या. कुठल्याच नियमपुस्तकात नसलेली ही बोलणी तुम्हालाच करावी लागतात. आणि ती पेरणीआधी करा.

तपासणी किमान दोनदा, एक फुलोऱ्याआधी, एक फुलोऱ्यात. माझी सगळ्यात मोठी नामुष्की यातल्या पहिल्या तपासणीतली. मी आदल्या दिवशी प्लॉट बघून आलो होतो, बांधावरून. सगळं हिरवंगार. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आत शिरले, मधोमध वाकले आणि बोटाला गुंडाळून एक पिवळा दोरा वर काढला. अमरवेल. पान नाही, मूळ नाही, घासाच्या काडीला वेटोळं घालून रस पिते आणि तिचं बी घासाच्या बियाइतकंच बारीक, चाळणीनं सहजी वेगळं होत नाही. त्याच्यासाठी खडबडीत बी धरून ठेवणाऱ्या मखमली रुळाचं यंत्र लागतं आणि ते गावोगाव नसतं. तीन जागी सापडली. तुकडा पडला तरी परत धरते, म्हणून आजूबाजूच्या चांगल्या झाडांसकट ते कापून, बाहेर नेऊन जाळावं लागतं आणि तेही तिला फूल यायच्या आत. तिला तर फूल आलेलं होतं. प्लॉट गेला. शेतकरी आमच्या आत्याच्या पाहुण्यांपैकी. "पावणं, एवढ्या दोऱ्यासाठी सगळं रद्द करतासा?" तो माझ्याकडं बघून म्हणाला. तेव्हापासून मी बांधावरून बघत नाही, इंग्रजी झेडच्या आकारात आतून चालतो.

प्रयोगशाळेचं थोडक्यात. शुद्धता किमान ९८ टक्के, ओलावा जास्तीत जास्त १०, उगवण किमान ८०. पण या ८० मध्ये कठीण बीही धरतात, म्हणजे दहा दिवस ओल्या कागदावर ठेवूनही जे फुगलंच नाही ते. ते मेलेलं नसतं, साल घट्ट असते इतकंच. आण्णांच्या बियाण्याचे ६४ दाणे उगवले, १९ कठीण. पास. आण्णांना पटेना. "फुगलंच न्हाई ते पास कसं ओ?" मग चार दाणे सँडपेपरवर घासून ओल्या फडक्यात ठेवले, दोन दिवसांत टरारून फुगले. याच सालीमुळं आधी लसूणघास असलेल्या रानात दुसऱ्या वाणाचं बीजोत्पादन घेत नाहीत. जुनं बी मातीत वर्षानुवर्षं दडून बसतं आणि नको तेव्हा उगवतं.

नोकरीचं म्हणाल तर संशोधन केंद्रावरच्या प्रकल्पाच्या जागा कंत्राटी असतात. एका प्रकल्पावर माझा पगार पाच महिने रखडला होता, तेव्हा गावाकडच्या दुधावर खोलीभाडं भरलं. पण वाण बघायचा डोळा तिथंच तयार होतो, म्हणून दोन वर्षं काढावीत. नंतर बियाणे कंपनीत उत्पादन विभाग किंवा प्रमाणीकरण यंत्रणेची परीक्षा. पदव्युत्तरला वनस्पती पैदासशास्त्र घ्या किंवा बीजशास्त्र. मी पहिलं घेतलं आणि दुसऱ्याचं सगळं नोकरीत शिकलो. पिशवीत टेप, दहापट भिंग, झाडाला खूण बांधायला लाल लोकर आणि पेन्सिल ठेवा. पेनची शाई दवात पसरते.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आण्णांचा फोन आला, आवाज घाबरलेला. "साहेब, लवकर या की. काल जांभळं दिसत हुतं, आज सगळी फुलं मान टाकायला लागल्यात. रोग आलाय बघा कसला तरी. औषध मारू काय?"

"काय मारू नका, आण्णा. शेंगा दिसतात का बघा वेटोळ्याच्या."

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज.

"हाईत की ओ. लई हाईत."

"मग पाणी तोडा आता," मी म्हणालो, "आणि शेजाऱ्याला सांगा, हरभऱ्यावर आज मारू नको म्हणून."

"त्यानं सकाळीच पंप भरलाय," आण्णा म्हणाले आणि फोन चालू ठेवूनच त्याच्या बांधाकडं पळत सुटले.