खिमाभात एकाच कढईत: तयारीची यादी

३०० ग्रॅम मटण खिम्यात चार माणसांचं रात्रीचं जेवण व्यवस्थित होतं, फक्त त्याला हरभऱ्याच्या डाळीची आणि बटाट्याची जोड हवी. खिम्याला आणि डाळीला शिजायला अर्धा तास लागतो, तांदळाला पंधरा मिनिटं. सगळं एकदम कढईत लोटलं की भाताचा गिचका होतो आणि खिमा मात्र चिवट राहतो. म्हणून कशाला किती वेळ लागतो त्या क्रमाने तयारीला लागा.

सगळ्यात आधी डाळ. पाव वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन तासभर भिजत घाला. इथे वाटी म्हणजे १५० मिलीची, आणि तांदूळ, डाळ, पाणी सगळं त्याच एका वाटीने मोजायचं. डाळच का, तर शिजल्यावर तिचा दाणा खिम्याच्या दाण्याएवढाच लागतो आणि तोंडात वेगळा जाणवत नाही. मसूर डाळही चालते, पण ती लवकर विरघळते, म्हणून तांदळाबरोबर घालावी.

खिमा मानेचा किंवा खांद्याचा मागा. रानेचा (मांडीचा) महाग पडतो आणि या भातात त्याचा काही वेगळा फायदा नाही. थोडी चरबी राहू द्यायला सांगा, तेवढं तेल कमी लागतं. खिमा डोळ्यांदेखत करून घ्या आणि त्याच दिवशी शिजवा, कारण बारीक केलेलं मांस अख्ख्या तुकड्यांपेक्षा फार लवकर खराब होतं. घरी आणल्यावर बारीक गाळणीत बारीक धारेखाली धुवा, हाडाची कणी बोटांना लागते का बघा, मग दाबून पाणी काढा आणि गाळणी दहा मिनिटं तशीच निथळत ठेवा. ही पायरी घाईत उरकू नका. ओला खिमा तेलात परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो, आणि त्याच्या गुठळ्या होतात त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. निथळलेल्या खिम्याला अर्धा चहाचा चमचा हळद, तेवढंच मीठ आणि एक पोह्याचा चमचा आलं-लसूण वाटण चोळून ठेवा.

तांदूळ दोन वाट्या, कोलम. इंद्रायणी आणि आंबेमोहोर चवीला कितीही छान असले तरी चिकट होतात, ते वरण-भातासाठी ठेवा. तांदूळ वीस मिनिटं भिजवून चाळणीत पूर्ण निथळा. खिमा कढईत शिजायला ठेवलात की मग भिजत घाला, त्याआधी नको. फार भिजलेला दाणा परतताना तुटतो.

दोन मध्यम कांदे बारीक चिरा. एक टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या आणि दोन बटाट्यांच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी (पाण्यात बुडवून) तयार ठेवा. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, बारीक चिरून कांद्याबरोबर परता. खडा मसाला मोजकाच: तमालपत्र, चार लवंगा, चार मिरी, इंचभर दालचिनी. दोन चहाचे चमचे कांदा-लसूण मसाला. त्यात बहुधा मीठ असतं, तेव्हा वरच्या मिठाचा हात आवरा.

कढई जाड बुडाची, पसरट, निदान तीन लिटरची आणि झाकण घट्ट बसणारी. लोखंडी नको, टोमॅटोमुळे भात काळवंडतो आणि लोखंडी चव येते. बाजूला एक जुना तवा आणि पातेलंभर गरम पाणी असू द्या.

आता आच. तीन पोह्याचे चमचे तेलात खडा मसाला, मग कांदा तांबूस होईपर्यंत. आच मोठी करून खिमा घाला, पसरवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग लाकडी उलथन्याने फोडत राहा. आधी खदखद आवाज येतो, तो पाणी सुटल्याचा. ते आटलं की चरचर सुरू होते, उग्र वास जातो आणि खिमा दाणेदार दिसतो. तेव्हाच मिरच्या, मसाला आणि डाळ घाला, दीड वाटी गरम पाणी ओता आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं झाका. झाकण म्हणून खोलगट ताटलीत पाणी ठेवलंत तर तेच गरम पाणी लागेल तसं आत घालता येतं. टोमॅटो अजून बाहेरच ठेवा, आंबट लागलं की डाळ शिजायला वेळ घेते. डाळ बोटाने दाबून मऊ लागली की टोमॅटो घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. कढईत रस्सा उरता कामा नये; उरला तर भाताच्या पाण्याचा हिशेब चुकतो.

चिकनचा खिमा स्वस्त पडतो आणि दहा मिनिटांत शिजतो, फक्त डाळ आधी वेगळी उकडून घ्यावी लागते.

मग बटाटे आणि तांदूळ घालून दोनच मिनिटं हलक्या हाताने परता आणि चार वाट्या उकळतं पाणी ओता. तांदूळ नवा असेल तर साडेतीन वाट्या. दीड चहाचा चमचा मिठाने सुरुवात करा आणि पाणी चाखा. किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ आणि बटाटा दोन्ही मीठ ओढतात. मोठ्या आचेवर पाणी तांदळाच्या पातळीला येऊन वर भोकं दिसू लागली की झाका, कढईखाली तवा सरकवा, आच अगदी मंद करा आणि बारा मिनिटं. मध्ये ढवळलं की दाणा मोडून पिठाळ होतो. गॅस बंद करून दहा मिनिटं वाफ मुरू द्या, मगच झाकण काढा.

दाण्यात कणी राहिली असेल तर उलथन्याच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडा, पाव वाटी गरम पाणी शिंपडा आणि पाच मिनिटं पुन्हा झाका. पाणी जास्त झालं असेल तर झाकणाखाली स्वच्छ फडकं घाला, ते वाफ शोषतं. करपल्याचा वास आला तर बूड खरवडू नका, वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

वर कोथिंबीर, सोबत लिंबू आणि कच्चा कांदा. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून खा.