बार एकवीस आणि बावीस

पहिल्या वर्षी दर रविवारी जेवण आटोपलं की मी पियानोसमोर बसायचो आणि चहाच्या वेळी उठायचो. अडीच तास. बायको विचारायची, "काय झालं आज?" मी म्हणायचो, "सराव." त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नसायचंच.

मी शिकायला लागलो छत्तिसाव्या वर्षी. पुण्यात फ्लॅट, त्यामुळे डिजिटल पियानो, ८८ पट्ट्यांचा, कानाला हेडफोन. शाळेत असताना गावच्या भजनात पेटी वाजवलेली, म्हणून वाटलं होतं की अर्धी वाट सरली आहे. ते काही खरं नव्हतं. पेटीवर डावा हात भाता मारतो. त्या हाताला बोटं आहेत हे त्याला पियानोवरच कळलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

मला शिकायला दिलेली रचना म्हणजे जी मेजर या सप्तकातला तो प्रसिद्ध मिन्युएट, तीन मात्रांच्या जुन्या युरोपीय नाचाची धून. खूप वर्षं हा जर्मन संगीतकार बाखच्या नावावर वाजला, मुळात आहे क्रिस्टियान पेट्झोल्डचा. बाखची बायको आना माग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीत तो उतरवलेला होता, त्यातून घोळ झाला. एकूण ३२ बार, म्हणजे तीन-तीन मात्रांचे ३२ तुकडे. पहिले आठ कुणालाही गोड लागतात. दुसऱ्या अर्ध्यात सी शार्प ही काळी पट्टी येते आणि बार २१ मध्ये उजवा हात अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांनी पळत सुटतो, तो बाविसाव्यात उतरतो. मी तिथे अडखळायचो आणि परत पहिल्यापासून सुरू करायचो.

एका रविवारी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि नंतर मोजलं. पहिला बार ४१ वेळा वाजवला होता. बाविसावा ९ वेळा, त्यातले ७ वेळा चुकीचा. म्हणजे जे येत होतं ते घोटून घोटून गुळगुळीत केलं, आणि जे येत नव्हतं त्यात चूक पक्की केली. पियानो शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "अहो, निबंधात एक शब्द चुकला तर तुम्ही अख्खा निबंध पुन्हा लिहिता का?"

नव्याने शिकणारे विचारतात की इतका वेळ लक्ष कसं टिकवायचं. माझं मत असं की लक्षाचा दोष कमी असतो. काय करायचं हे न ठरवता बसलं की मन दहाव्या मिनिटाला किराणा मालाच्या यादीत जाऊन पोचतं, आणि बोटं मात्र वाजवत राहतात. हेडफोनमधून सूर येत असतात, म्हणून आपल्याला वाटतं रियाज चाललाय.

आता मी झाकण उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहितो. "बार २१-२२, फक्त डावा हात, मेट्रोनोम ५६." म्हणजे लय धरून देणारं यंत्र मिनिटाला ५६ ठोक्यांवर. लागोपाठ तीन वेळा बरोबर आलं की ६०, मग ६४. दुसऱ्या वेळी चुकलं तर मोजणी शून्यापासून. चिडचिड होते, पण त्या वेळात किराणा आठवत नाही. एक गोष्ट मात्र पेटीच्या दिवसांतली कामाला आली. तबलजी तिहाई समेवर आणून सोडतो, तसा तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर नेऊन सोडायचा. म्हणजे २१-२२ चा सराव २३ च्या पहिल्या स्वरावर संपवायचा. नाहीतर दोन्ही तुकडे सुटे सुटे छान येतात आणि जोडावर हात थबकतो. शेवटचे चार बार आधी, मग त्यांच्या मागचे चार, असं उलटं बसवलं तर आणखी बरं. वाजवता वाजवता आपण ओळखीच्या मुलखाकडे जात असतो.

मेट्रोनोमचं ॲप मोबाईलवर ठेवू नका. मी ठेवलं होतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवरची पाण्याच्या टँकरची सगळी भांडणं मला तिथेच वाचायला मिळाली. बहुतेक डिजिटल पियानोंमध्ये मेट्रोनोम असतोच. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

रविवारचे अडीच तास मोडून मी रोज सकाळी पंचवीस मिनिटं केली, जमलं तर रात्री आणखी वीस. रात्री हट्टाने न आलेली जागा सकाळी पहिल्या झटक्यात येते, हे इतक्यांदा झालंय की आता रात्री हट्टच करत नाही. सुट्टीच्या दिवशी लांब बैठक केली तर मध्ये उठून गॅलरीत जातो. मनगट किंवा कोपराजवळ दुखायला लागलं तर त्याच क्षणी थांबायचं, दुखणं सोसून वाजवण्यात मर्दुमकी नाही. शुमनसारख्या मोठ्या संगीतकाराचा उजवा हात तरुणपणीच कामातून गेला होता. आणि पियानोवादक-संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना दिवसाला तीन तासांच्या वर वाजवू देत नसे, असं त्या शिष्यांनी सांगून ठेवलंय. आपण तर नोकरी करून वाजवणारे.

साधारण तिसऱ्या महिन्यात उत्साह ओसरतो. सगळ्यांचाच. नवी खेळणी जुनी होतात आणि आपला मिन्युएट शेजाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलीपेक्षा वाईट वाजतो. मला तिथे एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या ग्रेड परीक्षेने तारलं, पण जरा वेगळ्या कारणाने. प्रॅक्टिकल परीक्षेचे गुण १५०, पास व्हायला १००. तीन रचना प्रत्येकी ३०, स्केल्स (सप्तकं) २१, साइट-रीडिंग (न पाहिलेलं वाचून वाजवणं) २१, ऑरल (ऐकून उत्तरं देणं) १८. म्हणजे रचनांच्या बाहेर ६० गुण. एका कामाचा कंटाळा आला की करायला दुसरं काम होतं. ऑफिसातून थकून येऊन मिन्युएटला हात लावायची इच्छा नसली, की आजवर न पाहिलेली एखादी सोपी ओळ कशीबशी वाचून वाजवायची. दहा मिनिटं. त्यात सुंदर वाजवायचं ओझं नसतं. परीक्षेत साइट-रीडिंगला जेमतेम १४ मिळाले, तरी त्या दहा मिनिटांनी मला कित्येक संध्याकाळी स्टुलावर बसवलं.

बार बावीस ठरलेल्या लयीत पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी सकाळी, सव्वासातला. लागोपाठ तीनदा. हेडफोन काढून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको डबा भरत होती.

"काय झालं?"

"बावीस."

"बरं," ती म्हणाली, "आणि तेवीस?"