अंगणात पेव्हर बसवताय? काळ्या मातीच्या इंदुरात या चुका टाळा

पहिल्या ठेकेदाराने आमच्या अंगणात उभं राहून पहिला प्रश्न विचारला, "भाभीजी, कलर कौन सा?" दुसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. सुदामानगरातल्या आमच्या घराचं पुढचं अंगण 12 बाय 30 फुटांचं, फाटकापासून पोर्चपर्यंत. लाल आणि करड्या रंगाच्या काँक्रीटच्या पेव्हर ब्लॉकचं झिगझॅग ठरलं, चौरस फुटाचा दर ठरला आणि चार दिवसांत काम उरकलंही. मे महिन्यात ते इतकं देखणं दिसायचं की संध्याकाळी मी मुद्दाम खुर्ची टाकून बाहेर बसायचे. ऑगस्टमध्ये गाडीच्या चाकांखाली दोन लांबच लांब पन्हळी पडल्या. भिंतीकडच्या ब्लॉकवर पाय पडला की पिचकारीसारखं गढूळ पाणी साडीवर उडायचं.

दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) फटीत घालून एक ब्लॉक उचलला आणि मला वाकून बघायला लावलं. खाली जेमतेम दोन इंच रेती आणि तिच्याखाली थेट काळी माती. माती वर चढून रेतीत मिसळली होती, दोन्हींचा काला झाला होता. मुरूम नाही, गिट्टी नाही. पहिल्या ठेकेदाराला मी काम चालू असतानाच विचारलं होतं, की खाली धुमस करणार ना? तो म्हणाला होता, "पानी मार देंगे, अपने आप बैठ जाएगा." बसलं. गाडीसकट बसलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: खोदाई न बघणे

माळव्याची काळी माती गव्हाला चांगली, फरसबंदीला वाईट. बेसॉल्ट झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा खनिज घटक असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. उन्हाळ्यात मोकळ्या प्लॉटवर बोट जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या यामुळेच. अशा मातीवर थेट रेती टाकून ब्लॉक लावले तर पावसाळ्यात ते वर उचलले जातात, चाकाच्या वजनाने खचतात आणि हिवाळ्यानंतर पुन्हा हलतात.

म्हणून ठेकेदाराला दर विचारण्याआधी "किती खोल खोदणार?" हे विचारा. गाडी येणाऱ्या अंगणाला मी आता हा हिशोब धरते: मुरूम 6 इंच, त्यावर गिट्टी 4 इंच, मग सव्वा इंच रेती किंवा चुरी आणि वर 60 मिमीचा ब्लॉक. बेरीज 14 इंचांच्या जवळ जाते. (महाराष्ट्रातून आलेल्यांनी गिट्टी म्हणजे खडी आणि चुरी म्हणजे कच असं समजावं. नाहीतर दुकानात नुसती हसवाहसवी होते.) काळ्या मातीवर आधी जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलं तर माती वर चढत नाही. मुरूम-गिट्टी एका दमात ओतून चालत नाही. सहा इंचांपेक्षा जाड थर धुमसाला दबत नाही, वरून कडक वाटतो आणि आत भुसभुशीत राहतो. प्रत्येक थरावर पाणी मारून तो ओलसर करायचा, चिखल होऊ द्यायचा नाही आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबणारं मशीन, फिरवायचा. हे मशीन भाड्याने मिळतं. ते आणायला ठेकेदार कुरकुर करत असेल, तर ठेकेदार बदला.

खोदाई खरी झाली का, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही, मलब्याच्या ट्रॉल्या मोजाव्या लागतात. 360 चौरस फूट जागा 14 इंच खोल खोदली की 420 घनफूट माती निघते. ती सुटी झाली की सव्वापट फुगते, म्हणजे सव्वापाचशे घनफूट. ट्रॉली शंभर घनफुटांच्या आसपास धरली तर पाच खेपा व्हायला हव्यात. आमच्या पहिल्या कामात एकच ट्रॉली गेली होती, तीही अर्धी झाडांच्या कुंड्यांचा कचरा घेऊन. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी रंगाचे नमुने बघत होते.

ब्लॉक घेताना नुसता रंग बघणे

आयएस 15658 या भारतीय मानकाच्या 2006 च्या आवृत्तीत पायी वापराच्या जागेला 50 मिमी जाडीचा एम-30 ब्लॉक (एम-चा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत), हलक्या वाहनांना 60 मिमीचा एम-35 आणि मध्यम वाहतुकीला 80 मिमीचा एम-40 सांगितला आहे. घरच्या गाडीला 60 पुरतो. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर 80 घ्या. उन्हाळ्यात ज्यांच्या बोअरिंगला पाणी राहत नाही, त्यांना हे सांगायला नको.

तुकडा हातात घेऊन बघा. 8 बाय 4 इंचांचा, 60 मिमी जाडीचा ब्लॉक वजनाला पावणेतीन किलोच्या आसपास भरायला हवा. भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा हे कळतं. फारच हलका लागला तर आत पोकळी आहे किंवा जाडी कमी आहे. रबराच्या साच्यातले चकचकीत ब्लॉक दुकानात डोळ्यात भरतात, पण पावसात त्यांच्यावरून सासूबाई घसरल्या तर ती चकाकी काय कामाची? बाहेर मशीनवर दाबलेले, खरबरीत ब्लॉकच बरे. आणि माल कधी काढलाय ते विचारा. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशोबाने मोजतात. तीन दिवसांचा ताजा ब्लॉक ट्रॉलीतून उतरतानाच कोपरे सोडतो.

कोटा फरशी लावायची असेल तर बाहेर पॉलिश केलेली नको. आणखी एक, कोटा हा चुनखडीचा दगड. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मजूर बिनदिक्कत तेजाब (ॲसिड) ओततात, त्याने फरशीचं तोंड जळतं आणि ती कायमची पांढुरकी होते. तेजाबाची बाटली दिसली की हात धरा.

कडेला आधार नाही, उताराचा पत्ता नाही

पेव्हर एकमेकांच्या दाबावर उभे असतात. कडेला काँक्रीटची कड किंवा कर्ब नसेल तर टोकाची ओळ बागेच्या मातीकडे सरकते, फटी रुंदावतात आणि मग सगळं अंगण ढिलं होतं. काही ठेकेदार ब्लॉकच्या कडेला सिमेंटचा एक हात फिरवतात आणि त्यालाच कड म्हणतात. पहिल्या पावसात तो पापुद्रा निघतो. चाकांच्या जागी रचना आडवी-उभी, हेरिंगबोन घ्या. सरळ ओळींपेक्षा ती चाकाचा जोर जास्त चांगला पेलते.

उतार दर फुटाला पाव इंच. 30 फुटांना साडेसात इंच होतात. एवढं ऐकल्यावर आमचे हे दचकलेच, पण डोळ्यांना तो उतार जाणवतही नाही. उतार फाटकाकडे हवा, आणि पाण्याची नळी लावून तो तुमच्यासमोर मोजला पाहिजे. दुसरं टोक घराच्या भिंतीचं. जोत्याच्या ओलप्रतिबंधक थराखाली निदान सहा इंच जागा मोकळी सोडा. ब्लॉक त्याच्या वर चढले की पुढच्या वर्षी हॉलच्या भिंतीला पोपडे धरतात आणि आपण दोष रंगवाल्याला देतो.

इथे इंदूरची एक वेगळी भानगड आहे. कॉलनीतला सिमेंटचा रस्ता पुन्हा झाला की चार-सहा इंच वर येतो. अंगण आज रस्त्याच्या पातळीला ठेवलंत तर उद्या रस्त्याचं पाणी तुमच्या पोर्चमध्ये. फाटकाशी आडवी जाळीची नाली आत्ताच करून घ्या, आणि तिचं पाणी जमलं तर रिचार्ज खड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, सोडा. फाटकाबाहेरचा रॅम्प मात्र रस्त्याकडेच्या नालीवर चढवू नका. महापालिकेने तो तोडला तर ठेकेदार फोनसुद्धा उचलत नाही.

जे जमिनीत आहे ते विसरणे

नर्मदेच्या पाण्याची नळाची पाइपलाइन, ड्रेनेजचे चेंबर, बोअरिंगची केबल. काम सुरू होण्याआधी या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर लिहून ठेवा. पहिल्या ठेकेदाराने आमचं चेंबर ब्लॉकखाली गाडलं. ऐन दिवाळीत ते तुंबलं, आणि पाहुण्यांच्या देखत आम्ही अंदाजाने अंगण उकरत बसलो. झाकणं फरशीच्या पातळीवर उचलून घ्यायला सांगा. आणि एक रिकामा चार इंची पाइप आडवा टाकून ठेवा. पुढे फाटकाचा दिवा, कॅमेरा, काहीही आलं तरी पुन्हा खोदावं लागत नाही.

पैशांचं बोलणं

दर चौरस फुटाचा असतो, पण त्यात खोदाई, मलबा, मुरूम, कड आणि कटिंग येतं की नाही, तिथे खरी गंमत असते. एका साध्या कागदावर थर, इंच आणि ब्लॉकची जाडी लिहा, दोघांच्या सह्या घ्या. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, त्यामुळे तेव्हा "रेत महँगी हो गई" हे ऐकावं लागतं. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत काढा. ठेकेदाराचं जुनं काम बघायला जाल तेव्हा दोन पावसाळे खाल्लेलं आणि रोज गाडी येणारं अंगण बघा, मागच्या महिन्यातलं नको.

दुसऱ्या ठेकेदाराशी आम्ही असं ठरवलं: सामान उतरल्यावर 30 टक्के, मुरूम-गिट्टी दबल्यावर 30, ब्लॉक लागल्यावर 30 आणि शेवटचे 10 अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे अंगणाने पावसाळा काढल्यावर. तो आधी हसला, मग मानला.

काम झालंय आणि बिघडलंय, तर

चाकांखाली खचलं असेल तर वरून रेती भरून उपयोग नाही. तेवढे ब्लॉक उचला, काळी माती काढा, मुरूम-गिट्टी दाबून तेच ब्लॉक परत बसवा. पेव्हरचा हा मोठा फायदा, एकही ब्लॉक वाया जात नाही. एखादा ब्लॉक डुगडुगत असेल तर त्याच्याखालची रेती वाहून गेली आहे. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, बहुतेक वेळा गच्चीचा पाइप तिथेच ओतत असतो. फटींतून मुंग्या रेती वर काढत असतील किंवा गवत येत असेल, तर फटी अर्धवट भरल्या आहेत. कोरडी बारीक रेती झाडूने घासून भरा, मशीन फिरवा, पुन्हा भरा. रेती ओली असली तर वरच अडकते.

पांढरे डाग आले म्हणून ठेकेदाराशी भांडू नका. काँक्रीटमधला चुना पाण्यासोबत वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी पूड होते. काही महिन्यांत पाऊस आणि झाडू तिचा निकाल लावतात. त्या बिचाऱ्याची यात खरंच चूक नसते.

पोर्चचा तुकडा सिमेंट काँक्रीटचा असेल आणि त्याला पहिल्याच महिन्यात भेगा पडल्या असतील, तर बहुतेक वेळा पाणी कमी मारलेलं असतं किंवा सांधे सोडलेले नसतात. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे निदान दहा दिवस ओल राखावी लागते. सकाळी एकदा पाइप फिरवणं म्हणजे ओल राखणं नव्हे. गोणपाट टाका. आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरवून गुळगुळीत करू देऊ नका, तोच थर पुढे पोपड्यासारखा सुटतो.

काम संपताना पंचवीस-तीस ब्लॉक मागून ठेवा. वर्षभराने त्याच दुकानात गेलं तरी तोच लाल मिळत नाही. आमचे जिन्याखाली रचलेत, सध्या त्यांच्यावर तुळशीची कुंडी आहे.