दुसरा राउटर जोडताय? डीएचसीपीबद्दल नव्या पोरांसाठी थोडं अनुभवाचं

डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपोआप आयपी पत्ता वाटणारी सोय, चालू करायला खरं तर काहीच करावं लागत नाही. राउटर खोक्यातून काढला, प्लग लावला की ते चालूच असतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. क्लासमध्ये डीएचसीपी सुरू कसं करायचं ते शिकवतात, कामावर गेल्यावर कळतं की कितीतरी घरांत ते कुठल्यातरी एका डब्यावर बंद करायचं असतं आणि ते कुणीच सांगितलेलं नसतं. आयपी, सबनेट, गेटवे हे तुम्हाला येत असणार असं धरून चालतो, त्यात वेळ घालवत नाही.

आधी सेटिंगचं पटकन उरकतो. लॅन सेटिंगमध्ये जा, राउटरचा स्वतःचा पत्ता बघा, समजा १९२.१६८.१.१ आहे. पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, १०० ते १९९ ठेवा, घरासाठी शंभर पत्ते भरपूर झाले. १०० च्या खालचे पत्ते मोकळे ठेवा, ते प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, दुसरा राउटर असल्या एका जागी बसणाऱ्या वस्तूंसाठी. लीज टाइम, म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ त्या वस्तूकडे राहील ते, २४ तास ठेवला तर घरात काही अडत नाही, फक्त आकड्याशेजारचं युनिट वाचा, काही राउटर मिनिटांत मागतात काही सेकंदांत, १४४० मिनिटं आणि १४४० सेकंद यात केवढा फरक आहे ते सांगायला नको. डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा, रिकामा सोडला तर बहुतेक राउटर स्वतःचाच पत्ता डीएनएस म्हणून वाटतात आणि पुढचं बघून घेतात. झालं. याच्यावर तासाभराचे व्हिडिओ असतात, का असतात मला माहीत नाही.

एक मात्र करू नका. डीव्हीआरवाले येतात आणि डीव्हीआरला हातानं १९२.१६८.१.१०५ टाकून जातात, पूलच्या बरोब्बर मधला. मग कधीतरी राउटर तोच १०५ एखाद्या मोबाईलला देतो. नीट लिहिलेला राउटर किंवा फोन आधी तपासून बघतो की हा पत्ता कुणी वापरतंय का, पण डीव्हीआर तेव्हा बंद असला तर तपासून काय सापडणार. त्यापेक्षा राउटरवर रिझर्व्हेशन करा, वस्तूचा मॅक पत्ता, म्हणजे तिच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, टाकला की त्या वस्तूला कायम तोच आयपी. मोबाईलसाठी करत असाल तर अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायला खोटा, म्हणजे रँडम मॅक दाखवतो, तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये त्या वायफायपुरतं ते बंद करा नाहीतर फोननं मॅक बदलला की रिझर्व्हेशन गेलंच.

आता मुख्य गोष्ट. हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण हिनं माझा जीव खाल्लाय.

दोन मजली घर. खाली कंपनीनं बसवलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, त्यालाच वायफाय. वर रेंज येत नाही म्हणून घरच्यांनी ऑनलाइन एक राउटर मागवलेला आणि कुणा वायरिंगवाल्यानं खालच्या लॅन पोर्टातून केबल काढून वरच्या राउटरच्या लॅन पोर्टात खोचलेली. तक्रार काय, तर नेट कधी चालतं कधी नाही. काकांचा फोन चालतो, मुलीचा लॅपटॉप नाही. दुपारी उलटं. मी पॉवर मीटर लावला, फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजली, मायनस वीस डीबीएमच्या आसपास, म्हणजे लाइन ठणठणीत. डीएनएस बदलून बघितलं, वायफायचं चॅनल बदललं, केबलची टोकं नवीन क्रिंप केली. काकू मधेच म्हणाल्या, "अरे, लाइट जाऊन आली की हमखास असं होतं बघ." मी म्हटलं हो हो, आणि परत मीटरकडे बघायला लागलो. शेवटी सीनियरला फोन लावला तर त्यांनी एकच विचारलं, "पत्ता कुणी दिलाय?"

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं की त्यात डीएचसीपी सर्व्हर नावाची एक ओळ येते. सगळे आयपीची ओळ बघतात, ही कुणी बघत नाही. त्या ओळीत १९२.१६८.०.१ होतं. ओएनटीचा पत्ता होता १९२.१६८.१.१. म्हणजे पत्ते वाटणारा भलताच, वरचा राउटर, ज्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेटची केबल लागते तिथं, काहीच नाही. तो लॅपटॉपला पत्ताही देत होता आणि "बाहेर जायचं तर माझ्याकडून जा" असंही सांगत होता, आणि त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ताच नव्हता.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. नवीन फोन नेटवर्कमध्ये येतो तेव्हा त्याला कुणाचाच पत्ता माहीत नसतो, म्हणून तो ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला ओरडतो, कुणी आहे का. हा झाला डिस्कव्हर. लॅन ते लॅन केबल आहे म्हणजे दोन्ही राउटर एकाच स्विचवर असल्यासारखे, ओरडणं दोघांना ऐकू जातं आणि दोघंही ऑफर पाठवतात. फोन बहुतेक वेळा जी ऑफर आधी पोचली ती घेतो. कोण मोठा, कोण खरा, कुणाकडे इंटरनेट आहे हे बघायची सोय त्यात नाहीच. मग रिक्वेस्ट, मग अ‍ॅक्नॉलेज, पत्ता पक्का.

आणि एकदा पक्का झाला की तो तसाच टिकतो, म्हणून तर डोकं फिरतं. अर्धी लीज संपली की फोन ज्यानं पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो, वाढवून दे, आणि तो देतो. २४ तासांची लीज असेल तर बाराव्या तासाला. तो गप्प राहिला तरच ८७.५ टक्क्यांना, म्हणजे एकविसाव्या तासाला, फोन परत सगळ्यांना विचारत सुटतो. त्यामुळे ज्याला बरोबर राउटरनं पत्ता दिला त्याचं दिवसेंदिवस सुरळीत चालतं आणि ज्याला चुकीच्यानं दिला त्याचं दिवसेंदिवस बंद, एकाच खोलीत, एकाच वायफायवर. घरच्यांना वाटतं लॅपटॉप बिघडला. लाइट जाऊन आली की वरचा छोटा राउटर आधी उठतो, ओएनटी बूट व्हायला जास्त वेळ खातो, तेवढ्यात वरच्यानं सगळ्या घराला पत्ते वाटून टाकलेले असतात. काकूंनी अगदी बरोबर निदान केलं होतं.

म्हणून "रीस्टार्ट कर, होईल" सांगणाऱ्यांचा मला राग येतो. रीस्टार्टनं होतं की, कधीकधी. दोन ऑफरपैकी बरोबर ऑफर आधी पोचली तर होतं. मग टेक्निशियन घरी जातो, कंप्लेंट क्लोज होते आणि पुन्हा लाइट गेली की परत येते. रीसेट मारणं तर त्याहून वाईट, फॅक्टरी रीसेट केला की बंद केलेलं डीएचसीपी परत चालू. आधीच्या माणसानं व्यवस्थित करून ठेवलेलं घर पिन टोचून बिघडवलेलं मी बघितलंय.

दुरुस्ती सोपी आहे पण क्रम पाळा. वरच्या राउटरची खालून आलेली केबल काढा, लॅपटॉप एकटा त्याला जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता बदला, १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरच्याच रांगेतला पण पूलच्या बाहेरचा. तो रीबूट होईल, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा. मग डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, मग लॅन ते लॅन केबल लावा, वॅन पोर्ट रिकामाच. आधी डीएचसीपी बंद केलं तर लॅपटॉपला पुढच्या वेळी पत्ताच मिळत नाही आणि पोरं घाबरतात की राउटर गेला. गेला नाहीये. लॅपटॉपला हातानं त्याच रांगेतला पत्ता द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०, आत शिराल. सगळं झाल्यावर घरातल्या प्रत्येक फोनचं वायफाय बंद-चालू करा, लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग स्लॅश रिन्यू, नाहीतर जुनी लीज घेऊन एखादा बसून राहतो आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येतो.

बऱ्याच राउटरवर अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असं बटन असतं, ते हे सगळं स्वतः करतं. हा शॉर्टकट मला मान्य आहे, पण एकदा तरी हातानं करा. आणि दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल, तसा असतोच पुष्कळदा, तर डीएचसीपी सर्व्हरची ओळसुद्धा तुम्हाला फसवणार, दोघांचा पत्ता एकच दिसणार. तिथं अर्प स्पेस वजा ए मारून १९२.१६८.१.१ समोरचा मॅक बघा आणि डब्याखालच्या स्टिकरशी जुळवा. मॅकचा शेवटचा आकडा एकदोननं पुढेमागे असेल तर तोच डबा समजा, एका डब्याला दोनचार मॅक असतात.

वॅन पोर्टात केबल लावली तर डीएचसीपीचं भांडण होत नाही हे खरं. पण मग डबल नॅट होतो, म्हणजे दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलतात आणि वरचं नेटवर्क वेगळं पडतं, वरच्या मजल्यावरच्या फोनला खालचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही, आणि तक्रार वेगळ्या नावानं परत येते. भाडेकरूंना मुद्दाम वेगळं ठेवायचंय तर चालेल.

साइटवर गेलात की पत्ता बघून तीनच शक्यता धरा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे कुणीच उत्तर दिलं नाही, विंडोजनं स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय, केबल बघा किंवा डीएचसीपी बंद आहे का बघा. भलत्याच रांगेतला पत्ता म्हणजे भलत्यानंच उत्तर दिलंय, दुसरा डबा शोधा, माळ्यावर असेल, टीव्हीच्या मागं असेल, "तो तर बंदच आहे" असं घरचे सांगतील. पत्ता, गेटवे, सर्व्हर सगळं बरोबर आणि तरी नेट नाही, तर डीएचसीपीचा नाद सोडा, पीपीपीओई लॉगिन, म्हणजे नेट कंपनीचं युजरनेम-पासवर्ड, किंवा लाइन बघा. याला दोन मिनिटं लागतात. सुरुवातीला नाही जमणार, काही बिघडत नाही, मीटरच आधी हातात येतो सगळ्यांच्या.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर डोरा, म्हणजे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज, सगळे घडाघडा म्हणतात. पोर्ट ६७ सर्व्हरचा, ६८ क्लायंटचा, तेही म्हणतात. मग विचारतात की लीज वाढवताना रिक्वेस्ट ब्रॉडकास्ट जाते का, तिथं निम्मे गळतात. डम्प, म्हणजे परीक्षेतले जमवलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून सर्टिफिकेट मिळतंही, मी कुणाला अडवत नाही, पण समोरचा फील्डवर काम केलेला असला तर त्याला लगेच कळतं. आरएफसी २१३१, म्हणजे डीएचसीपी कसं चालतं ते ठरवणारा कागद, वाचा, मार्च १९९७ ची आहे, फुकट आहे, इंग्रजी सरळ आहे, आणि कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा स्पष्ट आहे. पहिल्या वाचनात निम्मी कळली तरी पुरे.

मेंटॉर शोधताना उत्तर देणारा शोधू नका, असं मला वाटतं. माझे सीनियर कमी बोलायचे, चिडायचेही, पण फोनवर कधी "हे बटन दाब" म्हणाले नाहीत.

घरी सराव करायचा तर पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभारून बघायचा सिस्कोचा प्रोग्राम, फुकट मिळतो. एक स्विच, त्याला दोन डीएचसीपी सर्व्हर वेगवेगळ्या रांगांचे आणि चारपाच पीसी, आणि बघा कुणाला काय मिळतं. मग स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावा आणि खऱ्या सर्व्हरचा पोर्ट ट्रस्टेड करा, दुसऱ्याच्या ऑफर स्विचच खाऊन टाकतो, ऑफिसात हाच इलाज असतो. सर्व्हर म्हणून सिस्कोचा राउटर ठेवला असेल आणि स्नूपिंग लावल्यावर एकालाही पत्ता मिळेनासा झाला तर दचकू नका, स्विच पॅकेटमध्ये ऑप्शन ८२, म्हणजे ते कुठल्या पोर्टातून आलं त्याची चिठ्ठी, घुसवतो आणि राउटर ते पॅकेट टाकून देतो. स्विचवर नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन मारा, मिळेल.