ब्रेकर परत दाबायच्या आधी

आमच्या इंदूरच्या हँगरमधल्या एका चार आसनी ट्रेनर विमानाचा लँडिंग लाइटचा ब्रेकर, म्हणजे वीज जास्त वाहिली की आपोआप तोडणारं बटण, दर दोन-तीन उड्डाणांनी उडायचा. शिकाऊ पोरगा म्हणाला, "काका, परत दाबून टाकू?" मी त्याचा हातच धरला. ब्रेकर उडतो तो तार वाचवायला. कारण न शोधता दाबत राहिलं की तारच पेटते.

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली, काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण उघडलं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तासभर पाहिलं, काही दिसेना. शेवटी तारांचा जुडगा धरून ठेवणारा क्लॅम्पच सोडला. आतली रबरी गादी वाळून चिरलेली, पत्र्याच्या कडेवर तारेचं आवरण घासून आतली चकचकीत तार उघडी पडलेली. आणि जेमतेम चार बोटांवर इंधनाची नळी! अंगावर काटा आला. १९९८ च्या स्विसएअर १११ अपघातात २२९ माणसं गेली. ती आगही बहुधा वायरिंगमधल्या ठिणगीतूनच लागली होती.

टेप गुंडाळून भागवलं नाही. खराब तुकडा काढून विमानाच्याच प्रतीची तार क्रिंप केली, म्हणजे जोडणी दाबून पक्की बसवली, नवा क्लॅम्प लावला, जुडगा नळीच्या वरून, लांबून नेला. मग इंजिन चालू ठेवून दिवा वीस मिनिटं जाळला. ब्रेकर उडाला नाही. लॉगबुकात नोंद झाली, इंजिनियरची सही झाली, आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या विमानाचे क्लॅम्प उघडायला घेतले.