छोट्या ऑनलाइन समुदायाची न्यायव्यवस्था कशी उभारावी

स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या ऑनलाइन समुदायाने पंच नेमण्यापूर्वी, त्यांच्यापुढे कोणते वाद यायचे आणि कोणते नाहीत, हे लेखी ठरवून घ्यावे. इंग्रजी विकिपीडियाची लवाद समिती २००३ च्या अखेरीस स्थापन झाली. लेखातील मजकूर बरोबर की चूक हे ती ठरवत नाही, तर सदस्यांच्या वर्तनाचा निवाडा करते. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते, कारण मजकुराचे निर्णय एकदा पंचांच्या हाती गेले की समुदायातील चर्चाच खुंटते.

पन्नास-साठ सदस्यांसाठी तीन पंच पुरेत. त्यांना मतदानाने, ठरावीक मुदतीसाठी निवडावे. वादातील कोणाशीही जवळीक असलेल्या पंचाने स्वतःहून बाजूला व्हावे आणि त्यासाठी एक राखीव पंच हवाच.

तक्रारीत घटनेची तारीख, दुवा आणि मोडलेला नियम असावा. ‘तो नेहमीच उद्धटपणे वागतो’ ही तक्रार नव्हे. ‘३ तारखेच्या रात्री माझी दुरुस्ती त्याने कारण न देता चार वेळा पुसली’ ही तक्रार होय. स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करता येतो, म्हणून शक्य तिथे मूळ नोंदच पाहावी. समोरच्याला उत्तरासाठी किमान सात दिवस द्यावेत. कोणाची परीक्षा असते, कोणी गावी गेलेले असते.

निकाल सकारण लिहून सर्वांना दिसेल असा ठेवावा. मात्र छळाच्या प्रकरणांची सुनावणी खासगीतच व्हावी. आधी समज, मग ठरावीक विषयापुरती बंदी, त्यानंतर मुदतीचे निलंबन, असा शिक्षेचा क्रम ठेवावा. कायमच्या बंदीवरही सहा महिन्यांनी फेरविचाराचा अर्ज करता यावा.